भट्टी पेटवण्याआधी उष्णतेचा हिशेब
(संत्र्याचा रस, स्क्वॅश आणि इंधन)

आजचा विषय थोडा शाळेतल्या विज्ञानासारखा वाटेल, पण आहे तो सरळ खिशाशी जोडलेला. संत्र्याचा रस टिकवायचा असेल तर तो तापवावा लागतो. तापवायचा म्हणजे इंधन आलं, आणि इंधन म्हणजे पैसा. किती रसाला किती इंधन लागेल हे भट्टी पेटवण्याआधी कागदावर काढता येतं का? येतं. त्याला गुणाकार आणि भागाकार एवढंच गणित लागतं. हा हिशेब कसा करायचा ते आज आपण पाहू.

आपल्या नागपूर, काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात आंबिया बहाराचं फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतं आणि मृगाचं फेब्रुवारीनंतर. चांगलं, मोठं फळ व्यापारी उचलतो. बारीक आणि डागी फळ मागे राहतं. बांगलादेशाने आपल्या संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवत नेलं, तेव्हा मोठं फळसुद्धा बाजारात तुंबलेलं आपण पाहिलं. अशा वेळी गावातले चार शेतकरी किंवा एखादा महिला बचत गट म्हणतो, "आपणच रस काढून विकू." विचार चांगला आहे. नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघाने सुरू केलेली 'नोगा' ही छाप पुढे महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आली आणि महाराष्ट्रभर माहीत झाली, ती याच वाटेने. पण घरगुती प्रमाणावर काम करणारे बरेच जण इंधनाच्या हिशेबात फसतात.

विशिष्ट उष्णता म्हणजे काय

एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. आता दुसरा कोणताही पदार्थ घ्या. तोही एक किलो, आणि तोही एकच अंश तापवायचा. त्याला लागणारी उष्णता म्हणजे त्या पदार्थाची विशिष्ट उष्णता. हल्लीच्या शालेय पुस्तकात तिला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात, मुलांना विचारलं तर ती सांगतील.

पाण्याची विशिष्ट उष्णता १. साखरेची सुमारे ०.३. ॲल्युमिनियमची ०.२२ आणि स्टेनलेस स्टीलची सुमारे ०.१२. म्हणजे पाणी हे उष्णता पिण्याच्या बाबतीत सगळ्यांत खादाड. म्हणून ज्या पदार्थात पाणी जास्त, त्याला तापवायला उष्णता जास्त.

फळांच्या रसासाठी एक सोपं सूत्र वापरता येतं. पदार्थातल्या पाण्याचा हिस्सा ०.८ ने गुणायचा आणि त्यात ०.२ मिळवायचे. संत्र्याच्या रसात शंभरात सुमारे ९० भाग पाणी असतं. म्हणजे ०.९ गुणिले ०.८ बरोबर ०.७२, अधिक ०.२ बरोबर ०.९२. संत्रा रसाची विशिष्ट उष्णता ०.९२ धरून चाला.

आता मुख्य सूत्र लिहून घ्या:

लागणारी उष्णता = वजन (किलो) × विशिष्ट उष्णता × वाढवायचे अंश

पहिलं उदाहरण: रस नुसता तापवणे

समजा १०० किलो रस आहे. काढला तेव्हा तो २५ अंशांवर होता, आणि पाश्चरीकरणासाठी ८५ अंशांवर न्यायचा आहे. वाढ ६० अंश.

१०० × ०.९२ × ६० = ५,५२० किलोकॅलरी.

भांडंही तापतं, तेही धरू. १२ किलोचा स्टीलचा गंज, म्हणजे मोठं पातेलं: १२ × ०.१२ × ६० = सुमारे ८६. दोन्ही मिळून ५,६०० किलोकॅलरी झाल्या. भांड्याचा वाटा किती किरकोळ आहे ते बघा.

आता इंधनाकडे येऊ. वाळलेल्या लाकडात किलोला सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता असते. पण उघड्या चुलीत त्यातली बहुतेक धुरात आणि हवेत जाते. शंभरात दहा भाग भांड्याला लागले असं धरा. म्हणजे एका किलो लाकडातून कामाच्या ३५०. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये किलोला सुमारे १०,९०० किलोकॅलरी असतात आणि चांगल्या शेगडीवर शंभरात साठ भाग भांड्याला लागतात. म्हणजे कामाच्या साधारण ६,५००.

५,६०० भागिले ३५० = १६ किलो लाकूड.
५,६०० भागिले ६,५०० = ०.८६ किलो गॅस.

शंभर किलो रस टिकाऊ करायला एक किलोदेखील गॅस लागत नाही. हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. मग सिलिंडर भराभर संपतो तो कशाने? ते आता पाहू.

दुसरं उदाहरण: रस आटवणे

गावात बैठक घेतली की हमखास कोणीतरी विचारतो, "साहेब, रस आटवून घट्ट करून ठेवला तर? बाटल्या कमी लागतील, जागा कमी लागेल." प्रश्न बरोबर आहे. उत्तर हिशेबाने काढू.

पाणी १०० अंशांवर आलं की पुढे कितीही जाळ लावा, तापमान वाढत नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. तापमापकात ती दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. पुस्तकात अप्रकट उष्मा असंही लिहितात. अठराव्या शतकात ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी ही गोष्ट प्रथम नीट मोजून दाखवली. एका किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. तेच एक किलो पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला फक्त ७५ लागतात. म्हणजे वाफ करणं हे तापवण्यापेक्षा सातपट महाग काम आहे.

संत्रा रसात शंभरात सुमारे १० भाग साखर व इतर विरघळलेले पदार्थ असतात. तो आटवून ६० भागांपर्यंत घट्ट करायचा, तर १०० किलोचा जेमतेम १७ किलो उरतो. ८३ किलो पाणी उडवावं लागतं.

रस उकळीला आणायला: १०० × ०.९२ × ७५ = ६,९००
पाणी उडवायला: ८३ × ५४० = सुमारे ४५,०००
एकूण सुमारे ५२,००० किलोकॅलरी.

म्हणजे ८ किलो गॅस, किंवा दीड क्विंटलच्या आसपास लाकूड. आणि हातात काय? १७ किलो काळपट, शिजल्या वासाचा पाक. कारखान्यात रस घट्ट करतात तो निर्वात यंत्रात, कमी तापमानावर, आणि एकाच वाफेची उष्णता पुन्हा पुन्हा वापरून. उघड्या कढईत ते साधत नाही.

कोणी म्हणेल, कोल्हापूरकडे गुऱ्हाळात उसाचा रस आटवतातच की. आटवतात. पण तिथे काहिलीखाली जळतं ते त्याच उसाचं वाळलेलं चिपाड. ते इंधन विकत आणावं लागत नाही. शिवाय उसाच्या रसात साखर दुपटीच्या आसपास असते, आणि गुळाला तो शिजलेला रंग-वास हवाच असतो. संत्र्याची साल जाळून संत्र्याचा रस आटत नाही.

संत्र्याचं आणखी एक दुखणं आहे, ते म्हणजे कडवटपणा. ताज्या रसात चव नसलेलं एक द्रव्य असतं. रस काढून ठेवला किंवा तापवला, की रसातल्या आम्लामुळे त्याचं लिमोनिन बनतं आणि रस कडू लागतो. बिया आणि पांढरी साल यांत ते द्रव्य जास्त. म्हणून बी फुटेल इतकं दाबू नका, पूर्ण पिकलेलं फळ घ्या, आणि रस जाळावर ठेवायचा वेळ जितका कमी करता येईल तितका करा.

तिसरं उदाहरण: स्क्वॅश, जिथे रस तापवायचाच नाही

आता एक पाककृती हिशेबासह देतो. क्विंटलभर फळातून साधारण ४० किलो रस निघतो असं धरा. त्यातला २५ किलो रस घेऊ.

रस २५ किलो, साखर ३७.५ किलो, पाणी २५ किलो, सायट्रिक आम्ल (बाजारात लिंबूसत्त्व म्हणतात ते) पाऊण ते एक किलो. सगळं मिळून साधारण ८८ किलो स्क्वॅश. यात रस शंभरात २८ भाग आणि विरघळलेले पदार्थ ४५ भागांच्या आसपास येतात. स्क्वॅशमध्ये रस किमान २५ आणि विरघळलेले पदार्थ किमान ४० भाग असावेत असा नियम आहे, तो पाळला जातो.

यात जाळावर ठेवायचा तो फक्त साखर, पाणी आणि आम्ल यांचा पाक. पाक ६२.५ किलो, त्याची विशिष्ट उष्णता सुमारे ०.६, आणि वाढ २५ वरून ८५ म्हणजे ६० अंश.

६२.५ × ०.६ × ६० = २,२५० किलोकॅलरी, म्हणजे गॅस साधारण ३५० ग्रॅम.

शंभर किलो रसाचा असा स्क्वॅश केला तर दीड किलोपेक्षा कमी गॅसमध्ये साडेतीन क्विंटल माल तयार होतो. आटवण्याला ८ किलो गॅस लागून १७ किलो झाला होता. अर्थात इथे साखरेला पैसा लागतो, शंभर किलो रसाला दीड क्विंटल साखर, आणि बाटल्याही लागतात. तो खर्च वेगळा मांडा. पण तो पैसा मालात उतरतो. वाफेवर घातलेला पैसा हवेत जातो.

पाक फडक्यातून गाळा, थंड करा आणि मगच रस मिसळा. गरम पाकात रस ओतलात तर जो शिजका वास टाळायचा होता तोच येईल. शेवटी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट थोड्या पाण्यात विरघळवून घाला. प्रमाण किलो स्क्वॅशला अर्धा ग्रॅम, आणि कोणत्याही परिस्थितीत ०.६ ग्रॅमच्या पुढे नाही. म्हणजे ८८ किलोला ४४ ग्रॅम. हे चिमटीने घालायचं काम नव्हे, ग्रॅमच्या काट्यावर तोला. गरम पाकात घातलंत तर त्यातला गंधकाचा वायू उडून जातो आणि बाटली आंबते. दमा असलेल्यांना हा वायू बाधू शकतो, म्हणून बाटलीच्या चिठ्ठीवर त्याचा उल्लेख हवाच.

थंड करणे हाही हिशेबच

तापवण्याचा हिशेब उलटा केला की थंड करण्याचा होतो. तोच पाक ८५ वरून ३५ अंशांवर आणायचा:

६२.५ × ०.६ × ५० = १,८७५ किलोकॅलरी बाहेर काढायच्या.

गंजाभोवती २५ अंशांचं पाणी फिरवलं आणि ते ३५ अंशांवर बाहेर पडलं, तर एक किलो पाणी १० किलोकॅलरी घेऊन जातं. म्हणजे १९० लिटरच्या आसपास पाणी लागेल. हे पाणी टाकू नका. ते कोमट झालेलं असतं, बाटल्या धुवायला उत्तम.

बर्फ वापरायचा तर शेवटी वापरा. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी २५ अंशांवर येईपर्यंत सुमारे १०५ किलोकॅलरी घेतो. सगळं काम बर्फावर केलंत तर १८ किलो बर्फ लागेल. पाण्याने ४५ अंशांपर्यंत आणून शेवटच्या १० अंशांना बर्फ लावला तर चार किलोत भागतं. बर्फ गंजाच्या बाहेर ठेवा, पाकात टाकू नका.

उष्णता किती वेगाने जाते

आतापर्यंत किती उष्णता लागते ते पाहिलं. ती किती वेगाने आत जाते हा दुसरा प्रश्न. त्यासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, तापमानातला फरक. फरक जास्त तर वेग जास्त. म्हणूनच पाक ८५ वरून ६० वर झटकन येतो आणि शेवटचे दहा अंश उतरायला वेळ घेतो. बर्फ शेवटी वापरायचा तो याचसाठी.

दुसरी, जाळ लागणारा पृष्ठभाग. रुंद, सपाट बुडाचा गंज घ्या. बुडाबाहेर आलेली ज्योत हवा तापवते, रस तापवत नाही.

तिसरी, ढवळणे. पातळ रस तापून आपोआप वर-खाली फिरतो. गर किंवा पाक घट्ट असतो, तो जागचा हलत नाही. बुडाशी जळतो आणि वर गार राहतो. त्याला ढवळणं हाच उपाय. स्टीलमधून उष्णता ॲल्युमिनियमइतकी पटकन पसरत नाही, तरी आंबट रसाला ॲल्युमिनियम, तांबं, पितळ वापरू नये. जाड बुडाचं स्टील घ्या आणि ढवळत राहा.

आता वेळ बघा. तासाला अर्धा किलो गॅस जाळणारी शेगडी तासाला कामाच्या ३,२५० किलोकॅलरी देते. शंभर किलो रस एकदम चढवलात तर ८५ अंशांवर यायला पावणेदोन तास लागतील. तितका वेळ रस जाळावर राहिला तर कडवटपणा आलाच. तोच रस पंचवीस-पंचवीस किलोने चढवलात तर प्रत्येक घाणा २६ मिनिटांत होतो. गॅस एकूण तेवढाच जातो आणि रसाची चव राखली जाते.

झाकणाचंही सांगतो. एक किलो वाफ उडाली की ५४० किलोकॅलरी गेल्या. तेवढ्यात दहा किलो रस २५ वरून ८५ वर गेला असता. म्हणून ढवळताना सोडून झाकण ठेवा. ओलं लाकूड जाळू नका, त्यातलं पाणी उडवायला तुमचंच इंधन खर्ची पडतं.

बाटलीतल्या रसाचं पाश्चरीकरण

नुसता रस बाटलीत भरून टिकवायचा असेल तर भरलेल्या, बूच लावलेल्या बाटल्या पाण्याच्या गंजात ठेवून ८५ अंशांवर साधारण २५ ते ३० मिनिटं ठेवतात. इथे एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. बाहेरचं पाणी ८५ झालं म्हणजे बाटलीच्या मधला रस ८५ झाला असं नव्हे. काच उष्णतेला मंद, आणि बाटली जितकी जाड तितका मध्य उशिरा तापतो. पाण्याने भरलेल्या एका नमुना बाटलीत तापमापक मधोमध ठेवा आणि मध्य तापल्यापासून वेळ मोजा. तापमापक स्टीलच्या सळईचा घ्या. पाऱ्याचा काचेचा फुटला तर सगळा घाणा फेकावा लागेल.

बाटल्या कोमट पाण्यात ठेवून मग जाळ वाढवा, बुडाशी फडकं घाला. काढल्यावर लगेच गार पाण्यात किंवा ओल्या फरशीवर ठेवू नका, काच तडकते. लाकडी फळीवर ठेवा आणि टप्प्याटप्प्याने गार करा.

आणि हे ८५ अंश फक्त आंबट रसासाठी आहेत. संत्र्याचा सामू ४.६ पेक्षा बराच खाली असतो, त्यात विषारी जंतू वाढत नाहीत. भाजी, मटार, मक्याचे दाणे आंबट नाहीत. ते याच रीतीने बाटलीत भरून ठेवलेत तर जिवावर बेतू शकतं. त्यांना दाबाच्या यंत्रात ११५ ते १२१ अंशांची वाफ लागते. तो प्रयोग घरी करू नका.

विक्री करणार असाल तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना आधी घ्या, आणि गॅस व्यावसायिक सिलिंडरचाच वापरा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. वजन × विशिष्ट उष्णता × अंश. हा गुणाकार भट्टीआधी करा.
२. तापवणं स्वस्त, आटवणं महाग. वाफ म्हणजे गेलेला पैसा.
३. स्क्वॅशला पाक तापवा, रस नको. मेटाबायसल्फाइट गार झाल्यावर, तोलून.
४. लहान घाणा, रुंद बूड, झाकण, सतत ढवळणे.
५. आधी पाणी, शेवटी बर्फ.
६. बाटलीच्या मधलं तापमान तेच खरं तापमान.

या हंगामात रस काढायला बसाल तेव्हा एक वही जवळ ठेवा. किती किलो रस, किती अंश, किती ग्रॅम गॅस, एवढं प्रत्येक घाण्याला लिहा. सिलिंडर आधी आणि नंतर तोलला की झालं. कागदावरच्या हिशेबापेक्षा गॅस दीडपट गेला तर समजा, उष्णता कुठेतरी गळते आहे. ती जागा शोधा. तुमच्या भट्टीचा खरा आकडा तुमच्या वहीतून निघेल, आणि पुढच्या वर्षी फळ तुंबलं तर विकायचं की रस काढायचा हे ठरवायला तोच कामी येईल.